ब्लाऊज येतो, मग कोट का नाही?



आपल्या शनिवारच्या वर्गाबाहेर मुलांची वाट पाहत थांबलेल्या आयांमध्ये एक गोष्ट वारंवार निघते. ब्लाऊज, परकर, फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे हे सगळे घरी होते. पण शाळेच्या ब्लेझरची बाही आखूड झाली किंवा लग्नासाठी सूट शिवायचा झाला की सरळ बाजार गाठायचा. तिथे ‘खय्यात’ अशी अरबी पाटी असलेले दुकान शोधायचे. (शाळेत अरबी शिकणाऱ्या मुलांना ती वाचता येते. खय्यात म्हणजे शिंपी. पुढच्या वेळी आईबाबांना वाचून दाखवा.) कोट आपल्या हातचा नाही, असे बहुतेकींनी मनाशी ठरवूनच टाकलेले असते. माझे मत वेगळे आहे. ज्याला नीट बसणारा ब्लाऊज शिवता येतो, त्याला कोट अर्धा येतो. उरलेला अर्धा काय असतो, ते या पाठात पाहू.

आधी ब्लाऊजचा मान ब्लाऊजला देऊ. छाती, कंबर, तीरा, मुंढा, बाहीची उंची, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, पूर्ण उंची इतकी मापे घेऊन, एक मीटरभर सपाट कापडातून अंगाच्या गोलाईवर चपखल बसणारी वस्तू तयार करणे सोपे काम नाही. डार्ट घालून कापडाला उभार देणे, कटोरीचे तुकडे जोडताना एक कड किंचित सैल धरून दुसरीशी मिळवणे, गळ्याला उरेब पट्टी लावणे, अस्तर कापडाबरोबर नीट फिरवणे, बाही मुंढ्यात बसवणे, या सगळ्या गोष्टी कोटातही आहेत. शर्ट शिवणाऱ्या कारागिराला डार्ट आणि कटोरीशी क्वचितच गाठ पडते. त्या मानाने ब्लाऊजवाली कोटाच्या अधिक जवळ आहे.

मग कोट शिवणवर्गांच्या बाहेर का राहिला? आपल्याकडे बायकांच्या शिवणवर्गांना मोठा इतिहास आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. तिथे स्त्रियांना इतर शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवले जाई. पुढे गावोगावी शिवणाचे क्लास निघाले आणि पायमशीनवर कितीतरी घरांची चूल चालली. पण या वर्गांतून प्रामुख्याने बायकामुलांचे कपडे शिकवले जात. कोट-पँटचे काम दुकानात चाले. तिथे कापड बेतणारा आणि कापणारा तो मास्टर, शिवणारा तो कारागीर, आणि काजे-बटणे करत, चहा आणत, बघत बघत शिकणारा तो पोरगा. कोटाची विद्या अशी रात्री उशिरापर्यंत दुकानात बसून हातातून हातात जाई. मुलींना तिथे बसायला कोण पाठवणार? विद्या अवघड होती म्हणून बायकांना आली नाही असे म्हणण्यापेक्षा, ती जिथे मिळे तिथे त्यांना जागा नव्हती, असे म्हणणे खरे ठरेल.

आता कोट वेगळा कुठे पडतो ते पाहू. इथे अल ऐनमध्ये रोज दिसणारा कंदुरा डोळ्यांसमोर आणा. गळ्याला कॉलर नाही, समोर लोंबता गोंडा, खांद्यावरून घोट्यापर्यंत सरळ उतरणारे पांढरे कापड. उत्तम कंदुऱ्याची शिलाई इतकी सुबक असते की बघत राहावे. पण त्याचा घाट कापडाच्या पडण्यातून येतो. आपली जुनी बाराबंदीही तशीच. बारा बंदांनी अंगाशी बांधायची. घट्ट हवी तर आवळा, सैल हवी तर सोडा. कोटाला असे चालत नाही. खुंटीवर टांगलेल्या कोटाकडे बघा. आत माणूस नसतानाही त्याला छाती असते, खांदा असतो, कॉलर मानेभोवती वळलेली असते. कापड तर झोळ पडणारी वस्तू. मग हा आकार टिकतो कशाने?

उत्तर अस्तराच्या आत आहे, म्हणूनच ते सहसा कोणाला दिसत नाही. कोट शिकण्याची माझ्या माहितीतली सर्वांत चांगली सुरुवात म्हणजे एक जुना, टाकाऊ पण मुळात चांगल्या शिलाईचा कोट मिळवणे आणि तो उसवणे. शिवायला बसण्याआधी उसवायला बसा. ब्लेड वापरू नका, बारीक टोकाची कात्री घ्या. खालच्या कडेपासून अस्तर सोडवत वर जा, आणि प्रत्येक टप्प्यावर काय कशाला जोडले आहे ते वहीत काढून ठेवा. हे काम मुलांना फार आवडते. त्यांना उसवू द्या आणि तुम्ही लिहून घ्या.

पुढच्या भागात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक तिसरा थर सापडेल. तो कॅनव्हास. चांगल्या कॅनव्हासमध्ये सुती किंवा लोकरी धाग्यांबरोबर जनावराचे केस विणलेले असतात. छातीवर आणखी एक जास्त ताठ तुकडा असतो, त्यात घोड्याच्या शेपटीचे केस असतात. तो हातात घेऊन दाबा, सोडला की उसळून पूर्ववत होतो. त्या उसळीवर कोटाची छाती उभी असते. केसांची टोके टोचू नयेत म्हणून त्यावर मऊ नमद्यासारखा एक थर घालतात. हा सगळा डोलारा कापडाला फक्त टाक्यांनी धरलेला असतो, आणि टाके सैल असतात.

अर्थात, तुम्ही उसवलेल्या कोटात हे काहीच सापडले नाही आणि कापडाच्या मागे एक पातळ थर चिकटवलेला दिसला, तर तो कोट ‘फ्यूज’ केलेला आहे. आजचे बहुतेक तयार कोट असेच असतात. गोंद लावलेला थर गरम दाबयंत्राखाली कापडाला चिकटवतात, काम मिनिटांत होते. कोट स्वस्त पडतो, आणि रोजच्या वापराला त्यात वाईट काही नाही. फक्त गोंद सुटला की कापडावर फोड आल्यासारखे दिसते आणि ते दुरुस्त करता येत नाही. दुकानात कोट न उसवता हे ओळखायची एक युक्ती आहे. खालच्या बटणाजवळ पुढचे कापड एका हाताच्या चिमटीत धरा, आतली बाजू दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा, आणि दोन्ही हलकेच एकमेकांपासून ओढा. मध्ये सुटा फिरणारा तिसरा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे. नाही लागला तर चिकटवलेला. बाबांच्या कपाटातल्या सगळ्या कोटांवर हा प्रयोग करायला हरकत नाही, मात्र हात धुऊन.

आता त्या टाक्याकडे येऊ ज्यासाठी हा सगळा पाठ लिहिला. कोटाच्या छातीवर उलटून पडलेली जी पट्टी असते, तिला लॅपल म्हणतात. ती इस्त्रीने दुमडलेली नसते. चांगल्या कोटाची लॅपल पानासारखी वळत खाली येते, आणि हाताने उलटी केली तरी सोडताच परत आपल्या जागी जाते. हे वळण तिच्यात शिवलेले असते. त्या टाक्याला पॅडचा टाका म्हणतात. रीत अशी: लॅपल डाव्या हाताच्या तर्जनीवर, ती अंगावर जशी वळणार तशीच वळवून धरायची, कॅनव्हास वरच्या बाजूला. उजव्या हाताने दुमडीच्या रेषेला समांतर ओळीत, पाव इंचाचे तिरपे टाके घालत जायचे. सुई कॅनव्हासमधून खाली जाते, कापडाचा फक्त एखादा धागा उचलते आणि परत वर येते. कापडाच्या चांगल्या बाजूला सुईचा ठिपकाही दिसता कामा नये. एक ओळ संपली की पुढची, तिचे टाके उलट दिशेने तिरपे. एका लॅपलला असे शेकडो टाके लागतात.

वळवून धरल्याने काय होते? वळणाच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या कॅनव्हासला लांबी जास्त लागते, आतल्या बाजूच्या कापडाला कमी. टाके दोघांना त्याच स्थितीत कायमचे पकडतात. मग हात काढला तरी लॅपल सपाट व्हायला तयारच होत नाही. एका ओळीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, आणि पट्टी हळूहळू बोटाभोवती आपणहून वळू लागते. पहिल्यांदा हे आपल्या हाताखाली घडताना पाहणे ही मोठी मौज आहे. मशीनची टीप इथे उपयोगी नाही, कारण ती दोन्ही थर घट्ट आवळून टाकते. हाताचा टाका हवा तितका सैल ठेवता येतो, आणि म्हणून कोट अंगाबरोबर हलतो. शिवणयंत्राचे एकस्व एलियास हाउने १८४६ साली घेतले, आयझॅक सिंगरने आपले १८५१ साली. त्यानंतर कपड्यांच्या लांब शिलाया यंत्राकडे गेल्या. हातशिलाईच्या कोटात मात्र हे काम अजून बोटावरच होते.

सरावासाठी कोटाची गरज नाही. जुन्या पँटचा हातभर तुकडा आणि तेवढाच कॅनव्हास घ्या. मेण लावलेला सुती दोरा, बारीक आखूड सुई आणि अंगुस्तान. अंगुस्तानाशिवाय बसू नका. ब्लाऊजची तुरपाई त्याच्याविना निभते, इथे बोटाची चाळण होईल. असे पाच-सहा तुकडे झाल्यावर हात बसतो.

कॉलरलाही हाच टाका. तिचा खालचा थर उरेब कापलेला असतो, कारण उरेब कापड ताणले जाते आणि मानेभोवती फिरते. ब्लाऊजच्या गळ्याची उरेब पट्टी आठवा, तत्त्व तेच. लॅपलच्या दुमडीच्या रेषेवर आतून एक बारीक फीत लावतात, ती रेषेपेक्षा पाव इंच आखूड असते. तिच्या ओढीमुळे कोट छातीपासून सुटून उभा राहत नाही.

दुसरी नवी गोष्ट इस्त्री. ब्लाऊजला इस्त्री म्हणजे चुण्या घालवणे. कोटाला इस्त्री म्हणजे घडवणे. लोकरीचा धागा वाफेने मऊ पडतो, त्या अवस्थेत त्याला आकसवता येते, ताणता येते, आणि थंड झाला की दिलेला आकार धरून ठेवतो. म्हणून कोटाच्या मागच्या भागाचा खांदा पुढच्यापेक्षा पाव ते अर्धा इंच मोठा कापतात आणि ती जास्तीची लांबी शिवताना आणि वाफेने जिरवतात. समोरून खांदा साफ दिसतो आणि मागे खांद्याच्या हाडाला जागा मिळते. सुती किंवा पूर्ण पॉलिएस्टर कापडात हे नीट होत नाही. तिथे ती लांबी चुणी होऊन बसते. पहिला कोट स्वस्तात व्हावा म्हणून पॉलिएस्टर घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. शिकायला लोकर सोपी आहे, ती पुष्कळ काही पोटात घालते.

इस्त्री फिरवायची नाही. ओला करून पिळलेला पंचा वर ठेवून दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. तुकडा पूर्ण थंड होईपर्यंत हलवायचा नाही. छाती आणि खांदा सपाट टेबलावर दाबता येत नाहीत, त्यासाठी एक कडक उशी लागते. जाड सुती कापडाची लांबट गोल पिशवी शिवून त्यात लाकडाचा भुसा दगडासारखा घट्ट ठासा. भुसा सनाइयात सुताराकडे मागितला तर मिळेल, पिशवी घेऊन जा.

बाहीबद्दल थोडक्यात. ब्लाऊजची बाही मुंढ्यापेक्षा किंचितच मोठी असते. कोटाच्या बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा सुमारे दीड इंच मोठा असतो आणि तो एकही चुणी न दिसता आत जिरवायचा असतो. शिवाय कोटाची बाही दोन तुकड्यांची, कोपरात पुढे वळलेली. माणूस सहज उभा असताना त्याचा हात कुठे लोंबतो ते पाहून बाही थोडी पुढे किंवा मागे फिरवून लावतात. कोणी छाती काढून उभा राहतो, कोणाचे खांदे दिवसभर संगणकापुढे बसून पुढे आलेले असतात. टेप हे सांगत नाही, डोळ्यांनीच पाहावे लागते. कच्च्या धावदोऱ्याने बाही लावा, घालून पाहा, उसवा, फिरवा, पुन्हा लावा. तीनदा उसवली तरी चिडायचे नाही.

मापांत ब्लाऊजपेक्षा मोठा फरक सैलपणाचा. ब्लाऊज अंगालगत, कोट शर्टवर घालायचा. छातीच्या मापात साधारण ४ इंच जास्त धरतात. आधी मांजरपाटात एक कच्चा कोट बेतून, धावदोऱ्याने जोडून, अंगावर घालून पाहा. मांजरपाट नसेल तर जुनी चादर. जे काही चुकायचे ते तिथे चुकू दे, लोकरीला कात्री नंतर.

आणि माया ठेवा. शिवणीच्या पलीकडे जे जास्तीचे कापड आपण सोडतो त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात, हे किती मुलांना ठाऊक आहे? आपल्या माणसांवर करतो तीही माया आणि शिवणीत सोडतो तीही माया. चांगला शिंपी पाठीच्या मधल्या शिवणीत, बाजूंना आणि बाहीच्या टोकाला पाऊण-एक इंच माया ठेवतो. माणूस जाड झाला की कोट सोडता येतो. वाढत्या मुलाच्या ब्लेझरला तर ती हवीच. तयार ब्लेझर घेताना बाहीचे टोक उलटून आत किती माया आहे ते बघून घ्या. अर्धा इंच असेल तर पुढच्या वर्षी नवीन घ्यावा लागणार हे समजून चाला.

कापडाचा हिशोब: ५८ ते ६० इंच पन्ह्याचे कापड असेल तर मध्यम बांध्याच्या पूर्ण सूटला सव्वातीन मीटरपर्यंत लागते, एकट्या कोटाला सुमारे दोन मीटर. आपल्याकडे लग्नात मानपानाचा ‘सूटपीस’ दिला जातो तो याच हिशोबाने. सूटपीस म्हटले की रेमंडचे नाव येते. तिची सुरुवात ठाण्यातल्या गिरणीने १९२५ साली झाली आणि १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली. ठाण्याची ती गिरणी आता चालू नाही, पण आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबांचा सूटपीस ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत तसाच पडून असेल. कसर लागली नसेल तर शिकायला याहून चांगले कापड नाही. इथल्या हवेसाठी नवीन घ्यायचे तर हलके, मोकळ्या विणीचे लोकरी कापड घ्या आणि पाठीला अस्तर अर्धेच लावा. कापण्याआधी कापडावर आणि कॅनव्हासवर वाफ किंवा पाणी जाऊ द्या, जे काही आटायचे ते आधीच आटू दे.

क्रम माझ्या मते असा ठेवावा. ब्लाऊजवरून एकदम कोटावर उडी नको. मध्ये आपले जाकीट घ्या, ज्याला सगळे नेहरू जाकीट म्हणतात. त्याला बाही नाही, लॅपल नाही, पण कॅनव्हास आहे, अस्तर आहे, उभी कॉलर आहे आणि कापडात चिरून बसवलेला खिसा आहे. (हा खिसा आधी चिंधीवर चार-पाच वेळा करून पाहा. कात्री एकदा चालली की मागे फिरता येत नाही.) त्यानंतर बंद गळ्याचा कोट, इथे बाही आली, पण लॅपल अजून नाही. तिसऱ्या पायरीला लॅपलचा कोट. पँट मध्ये केव्हाही.

वेळ किती लागेल, हे विचारले जाणारच. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत एका हातशिलाईच्या सूटला किमान ५० तास हातकाम धरतात, आणि ते मुरलेल्या कारागिरांचे तास आहेत. तिथेही एकटा माणूस सगळे करत नाही. बेतणारा वेगळा, कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा. आपण शनिवारी दोन तास बसलो तर पहिला कोट वर्षभर चालेल. चालू दे. भारतात परत गेल्यावर कोणाला पद्धतशीर शिकायचे असेल तर आयटीआयमध्ये शिवणतंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तिथे मशीनवरचा पाया पक्का होतो. हातशिलाईच्या कोटासाठी त्यापुढे एखाद्या मास्टरजवळ बसावेच लागते. इथल्या मास्टरांपैकी कोणाशी ओळख असेल तर दुपारच्या शांत वेळी जाऊन बघू द्या म्हणून विचारा. “मास्टरजी, लॅपल कशी भरता?” एवढे विचारले की बरेच जण कौतुकाने दाखवतात. या कामाबद्दल त्यांना फारसे कोणी विचारत नाही.

मुले म्हणतील, ४५ अंशांच्या गावात कोटासाठी एवढी मरमर कशाला? प्रश्न रास्त आहे. जानेवारीतल्या चार थंड रात्री, शाळेचा बक्षीस समारंभ, एखादी मुलाखत, एखादे लग्न. कोट इथे कपाटातच जास्त राहतो. पण कपडा नुसता थंडी-उन्हासाठी नसतो. आपल्या मराठी इतिहासात ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतकी कोणी ओळखली नसेल. ज्या समाजाला अंगावर काय घालावे हेही दुसरे सांगत, त्या समाजातला हा माणूस १९१३ साली शिकायला अमेरिकेत गेला आणि पुढे आयुष्यभर नीटनेटक्या सुटात जगापुढे उभा राहिला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी जमलेल्या स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसले दागिने सोडून द्यायला सांगितले. आज गावोगावी त्यांचा पुतळा निळ्या सुटात दिसतो, तो शिल्पकारांच्या हौसेपोटी नाही. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्यांत त्यांचे कोटही आहेत. सुट्टीत नागपूरकडे जाणार असाल तर मुलांना दाखवा. काचेतून लॅपल बघा, वळण अजून आहे का ते.

मुलांसाठी आता शब्दांचे थोडे. ‘बेतणे’ म्हणजे कापडातून कपडा निघेल असे मापून-आखून कापणे. सुट्टीचा ‘बेत’ त्याच घरातला. ‘जिवावर बेतले’ म्हणतो तेव्हा मात्र अर्थ वेगळा, तो आईला विचारा. ‘उरेब’ म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपे. ‘तीरा’ म्हणजे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंतचे अंतर. ‘टीप’ मशीनची, ‘टाका’ हाताचा. ‘अंगुस्तान’ फारसीतून आले, अंगुश्त म्हणजे बोट. ‘अस्तनी’ म्हणजे बाही, हाही फारसीतून. एरवी हा शब्द आता कोणी वापरत नाही, पण ‘अस्तनीतला निखारा’ या वाक्प्रचारात तो टिकून आहे. जवळचा म्हणून सांभाळलेला माणूसच घात करतो तेव्हा असे म्हणतात. आणि ‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार?’ हे तुम्ही आजीच्या तोंडून ऐकले असेल. संत नामदेव शिंपी होते हे तुम्ही वर्गात शिकलात. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांतल्या एका पदात शिंप्याचा गज आणि कात्री येतात. पंजाबी मित्र असतील तर त्यांच्या घरी विचारा, त्यांना ते पद माहीत असण्याची शक्यता आहे.

स्वाध्याय

१. घरातल्या एका माणसाचा तीरा, छाती आणि बाहीची उंची मोजा. सेंटीमीटर आणि इंच दोन्हींत लिहा.

२. घरातल्या कोणत्याही तीन कपड्यांच्या शिवणी आतून बघा. कोणत्या कपड्याला सर्वांत जास्त माया आहे? मापाने लिहा.

३. कापडाचा चौकोनी तुकडा आधी उभा, मग आडवा, मग उरेब ताणून बघा. काय फरक दिसला ते चार वाक्यांत लिहा.

४. ‘उसवणे’, ‘बेतणे’, ‘जिरवणे’ हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य करा. एक तरी वाक्य कपड्याशी संबंध नसलेले हवे.

५. (मोठ्या गटासाठी) हातभर तुकड्यावर पॅडच्या टाक्याच्या दहा ओळी घाला आणि पुढच्या शनिवारी आणा. तुकडा टेबलावर ठेवल्यावर आपणहून वळला पाहिजे. पालकांनी घातलेले टाके ओळखू येतात, पण त्यांनी स्वतःचा वेगळा तुकडा आणला तर तोही तपासला जाईल.